भाऊ, परसबागेतून पाय काढा

गावरान बियाणं फेकून द्या असं सांगत दारोदार फिरणाऱ्या बियाणेवाल्या भाऊंस,

नमस्कार. पत्राची रीत म्हणून नमस्कार लिहिला, पण खुशाली विचारणार नाही. ज्यांच्यामुळे आमच्या आयाबायांची बियाण्याची मडकी रिकामी झाली, त्यांची खुशाली विचारण्याइतकं मोठं मन माझ्याकडे नाही.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही आहात. कधी तुम्ही तालुक्याच्या गावी दुकानाच्या काउंटरमागे असता, कधी मृग लागायच्या आधी भोंगा लावलेल्या गाडीतून वाडीवर येता, कधी मेळाव्यात टोप्या आणि पिशव्या वाटता. चेहरा बदलतो, वाक्य तेच राहतं: "ताई, हे गावठी कशाला लावता? काय मिळतं त्यातून?" अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्यापासून कोतुळापर्यंत, हे वाक्य इतक्यांदा बोललं गेलं की बायांना स्वतःच्या मडक्यातल्या दाण्यांची लाज वाटायला लागली. माझा आरोप हा आहे. तुम्ही बी विकलंत याबद्दल तक्रार नाही, दुकानदारानं विकायचंच असतं. पण सासूनं सुनेच्या ओटीत घातलेलं बी तिनंच उकिरड्यावर टाकावं, इतकी तिला त्याची शरम वाटायला लावलीत. तुमच्या बियाण्यात खरंच जोर होता, तर त्यासाठी आमची मडकी फोडायची गरज का पडली?

वावराचा हिशोब मी या पत्रात काढत नाही. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, पुढं संकरित वाणांनी धान्य वाढवलं, आणि दुष्काळानं पिचलेल्या नगर जिल्ह्यानं त्याची भाकरी खाल्ली. हे मी नाकारत नाही. कुणी नाकारलं तर त्याच्याशी भांडेन. वावर बाजाराला बांधलेलं आहे. तिथला टोमॅटो संगमनेरच्या नाहीतर नारायणगावच्या मार्केटला जायचा असतो. त्याला एका मापाचं फळ, कडक साल, लांबचा प्रवास सोसणारा माल लागतो, आणि तो तुमच्या पाकिटातून येतो. वावर तुम्ही घेतलंत, घ्या. पण घरामागं, मोरीच्या पाण्यावर, गुंठाभर जागेत बाई जे लावते ते कुठल्याच मार्केटला जात नाही. तिथं तुमचं काय काम आहे?

परसबाग तुम्ही कधी नीट पाहिली आहे का, भाऊ? पाकीट विकायला कुंपणापाशी उभे राहता तेवढं नाही, आत जाऊन. मोरीचं पाणी आधी अळूला जातं, मग केळीला. चुलीतली राख वांग्याच्या आणि मिरचीच्या बुडाशी पडते. मांडवावर दोडका, घोसाळी, कारलं. कुंपणावर वालाचा नाहीतर घेवड्याचा वेल. डांगराचा वेल मन मानेल तिकडं, अगदी गोठ्याच्या कौलांवर. कोपऱ्यात शेवगा. पावसाळ्यात न लावता येणारा तांदुळजा आणि कुर्डू कुणी उपटत नाही, कारण तीही भाजीच आहे. यातलं काही विकलं जात नाही. जास्त झालं तर शेजारणीच्या कुंपणावरून पलीकडे जातं, आणि तिकडून कधी ताक येतं, कधी दुसऱ्या कुठल्या भाजीची रोपं. म्हणून या जागेची नोंद कुठल्या हिशोबात होत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला ती रिकामी वाटली. आमच्या बहुतेक बायांचं नाव सातबाऱ्यावर नाही. घरात ज्यावर फक्त त्यांचाच शब्द चालत होता ती ही जागा होती आणि ते बियाण्याचं मडकं होतं.

त्या मडक्यात काय जायचं ते कसं ठरायचं, हे तुम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नसेल, म्हणून सांगते. वेल भरात आला की बाई त्यावरचं सरळ, निरोगी, कीड न लागलेलं फळ हेरते आणि त्याला चिंधी बांधते. चिंधीचं फळ तोडायचं नाही, हे घरातल्या लहान पोराला सुद्धा कळतं. ते वेलावरच जून होतं, वाळतं, आत बी खुळखुळायला लागतं, तेव्हा उतरवायचं. वालाच्या शेंगा उन्हात घालायच्या. मक्याची कणसं चुलीवर टांगायची, म्हणजे धुरानं किडा लागत नाही. मग दाणे राखेत कालवायचे, निंबाचा पाला घालायचा, मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. याला तुम्ही गावठीपणा म्हणता. शास्त्रज्ञ याला निवड म्हणतात, आणि पिकांचे हजारो वाण जगाला या निवडीतूनच मिळाले आहेत. त्यातली मोठी हिस्सेदारी बायकांची आहे.

तुमच्या पाकिटात ही साखळी तुटते. दोन वेगळ्या, शुद्ध राखलेल्या वाणांचा संकर करून पहिल्या पिढीचं बी तुम्ही विकता. पहिल्या वर्षी सगळे वेल सारखे वाढतात, फळं भरघोस येतात. बाई सवयीनं त्यातल्याच एका फळाला चिंधी बांधते. दुसऱ्या वर्षी त्या बियांतून एक वेल असा येतो, एक तसा, एकाला फळं धरतात, एकाला धरत नाहीत. ती समजते, आपलाच हात वाईट. तिला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. हे तुम्ही सांगायला हवं होतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत, कारण पुढच्या मृगाला तिनं पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढायला हवी होती. शिवाय पाकिटातलं बी औषध चोळलेलं, लाल नाहीतर निळं. उरलं तर कोंबड्यांना सुद्धा टाकता येत नाही. गावरान वाल पेरून उरला तर त्याची उसळ होते.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते: काय मिळतं गावठीतून? याचं उत्तर आमच्याच तालुक्यात कोंभाळणे गावी राहतं. राहीबाई सोमा पोपेरे. महादेव कोळी समाजाच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. नातू सारखा आजारी पडायला लागला, तेव्हा घरात येणाऱ्या भाजीपाल्यावर, त्यावरच्या फवाऱ्यांवर त्यांचा संशय गेला, आणि त्यांनी जुनं बी गोळा करायला सुरुवात केली. गावात त्यांना हसले. हसणाऱ्यांच्या तोंडी वाक्य तुमचंच होतं. पुढं बायफ या संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती झाली आणि गावोगावच्या बाया तिच्याशी जोडल्या गेल्या. सतरा पिकांचे त्रेचाळीस वाण त्यांनी राखले, ही नोंद आता देशभर माहीत आहे. त्यात भात आहे, नागली आहे, डाळी आहेत, तेलबिया आहेत, आणि वाल-घेवड्याचे तर इतके प्रकार आहेत की एकेका मडक्यात हात घातला की वेगळ्याच रंगाचा दाणा वर येतो. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याच वर्षाचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून त्यांनी ती घेतली. सगळा देश त्यांना बीजमाता म्हणतो.

पण पुरस्कारांचा मुद्दा माझा नाही. त्यांच्या बँकेचा एक नियम आहे तो मला तुमच्यासमोर ठेवायचा आहे. बी न्यायचं असेल तर पैसे नकोत, पीक आलं की नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं. जितक्या बाया नेतील तितकं बी वाढतं, आणि ते एका घरात न राहता दहा घरांत राहतं. एखाद्या वर्षी एका वाडीवर पाऊस पडला नाही तरी दुसऱ्या वाडीवर तो वाण जिवंत असतो. तुमच्या दुकानात बाई जितक्या वेळा जाते तितकी ती तुमच्यावर जास्त अवलंबून होते. त्यांच्याकडे जितक्या वेळा जाते तितकी ती स्वतःच्या पायावर उभी राहते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. गावठीतून हे मिळतं.

तुम्ही म्हणाल, त्यात उत्पन्न कमी. असेल. परसबागेतल्या वेलानं क्विंटलनं माल द्यावा असं कुणी म्हटलं होतं? तो श्रावणापासून थंडीपर्यंत थोडा थोडा, रोजच्या कालवणापुरता द्यायला हवा. तुमचं वाण पंधरा दिवसांत सगळं एकदम देतं आणि मान टाकतं. बाजारासाठी ते बरोबर आहे, कारण तिथं एकदम तोडणी परवडते. घरातल्या पातेल्यासाठी ते चुकीचं आहे. आमच्या तालुक्याचं हवामान तरी एक आहे का? घाटघर-रतनवाडीकडे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, आणि पूर्वेकडे यावं तसं तो आटत जातो. त्या पावसात तगणारे वाण त्या वाडीवरच्या बायांनी निवडले आणि इकडच्या कोरड्यात तगणारे इकडच्या. दोन्हीकडे तुम्ही एकच पाकीट घेऊन येता आणि त्यावरची सूचनाही एकच असते.

आणि सगळीकडे एकच पाकीट असल्यावर काय होतं, ते २०२० च्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी पाहिलं. अकोले-संगमनेरच्या टोमॅटोवर रोग पडला. फळांवर पिवळे, पांढरट पट्टे, आतून काळं. शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडी मोझॅक विषाणू सापडला. रोग कुणाच्या शेतात कुठून शिरला हा वेगळा प्रश्न आहे. पण शिवारभर सारखंच पीक असलं की रोगाला कुठं थांबावं लागत नाही. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा आला तेव्हा हेच घडलं होतं. बहुतेक शेतांतला संकरित मका एकाच प्रकारच्या आईपासून बनवलेला होता आणि देशाच्या एकूण पिकातला सुमारे पंधरा टक्के मका एका हंगामात गेला. सावरायला दुसरे वाण शिल्लक होते म्हणून तो देश सावरला. आमच्यावर तशी वेळ आली तर आम्ही कुठं हात पसरायचा, तुमच्या काउंटरवर?

लेनिनग्राडचं उदाहरण मला नेहमी आठवतं. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला वेढा पडला होता. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांचा साठा तिथल्या संस्थेत होता. तांदूळ, शेंगदाणे, बटाटे अशा पोत्यांच्या शेजारी बसून तिथले शास्त्रज्ञ उपासमारीनं मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. आमच्याकडच्या जुन्या बायांना ही गोष्ट सांगितली तर नवल वाटणार नाही. दुष्काळात सुद्धा बियाण्याचं मडकं फोडायचं नाही, हा नियम त्यांच्या घरात होता. भुकेनं जे मडकं फोडलं नाही ते तुमच्या एका वाक्यानं फुटलं. म्हणून माझा संताप इतका आहे.

रक्ताचंही बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं निघालं. त्या आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढला आहे. ज्या घरात आठवड्यातून एकदा बाजार होतो आणि पैसे संपले की बटाट्यावर भागतं, तिथं हिरवी पालेभाजी परसबागेतूनच येऊ शकते. तिथं वालाच्या ओल्या शेंगा, शेवग्याचा पाला, अळू, तांदुळजा हे डॉक्टरांच्या गोळीइतकंच महत्त्वाचं आहे. पाकीट परवडलं नाही म्हणून परसबाग पडीक ठेवणारी घरं मी पाहते, तेव्हा तुमचा राग येतो. आधी तिचं बी गेलं. मग विकत घ्यायचं बी महाग झालं. मग जागा रिकामी राहिली, आणि आता तिथं कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक येतात.

कायद्याची भीती कुणी घालू नये म्हणून तेही लिहिते. वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा २००१ सालचा आहे. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. अट एवढीच की कायद्यानं संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायचं नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीनं गुजरातेतल्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर आवाज उठला आणि कंपनीला ते मागं घ्यावे लागले. तेव्हा आमच्या बचत गटातली बाई घेवड्याच्या पुड्या बांधून आठवडे बाजारात बसली तर तिच्याकडे डोळे वटारून बघायचा अधिकार तुम्हाला नाही.

इंग्लंडमध्ये शहरातल्या साध्या माणसांना भाजी लावायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्यानं मिळतात. एका तुकड्याचं जुनं माप साधारण अडीचशे चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. १९०८ च्या कायद्यानं लोकांना असे तुकडे पुरवणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं, आणि १९२५ च्या कायद्यानं त्यासाठी राखलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकायला मनाई केली. तिथं त्या बागा वाचवायला लोक मोहिमा काढतात तेव्हा त्यांच्या पाठीशी असा कायदा असतो. आमच्या परसबागेच्या पाठीशी तसं काही नाही. तिच्या पाठीशी कोंभाळण्यासारख्या गावांतल्या बाया आहेत, आणि त्यांनी आजवर जे राखलं ते हातानं आणि मडक्यानं राखलं.

हा जिल्हा तर असा आहे की इथल्या शेतकऱ्यांनी पै-पै जमवून १९५० साली लोणीला स्वतःचा साखर कारखाना काढला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी देशाला दाखवून दिलं की कारखान्याचा मालक शेतकरीच असू शकतो. कारखान्याच्या भागभांडवलात आमची नावं आहेत. आणि घेवड्याच्या दाण्यासाठी मात्र आम्ही परक्या शहरातल्या गोदामाकडे बघत बसायचं? याच जिल्ह्यात राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांचे सरळ वाण सुधारलेलेही असतात आणि त्यांचं बी घरी राखताही येतं. तुम्ही ते दुकानात पुढं मांडत नाही, मागच्या फळीवर ठेवता. कारण राखता येणारं बी गिऱ्हाईक परत आणत नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. परसबागेसाठी पाकीट मागायला बाई आली तर आधी तिला विचारा, तुमच्याकडे जुनं बी आहे का. असेल तर तिला तेच लावायला सांगा. नसेल तर सरळ वाणाचं द्या, आणि संकरित देणारच असाल तर पैसे घेण्याआधी तोंडानं सांगा की याचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. पाकिटावर बारीक अक्षरात काय छापलंय ते सांगून सुटू नका, आमच्यातल्या कितीजणींना वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. "जुनं द्या, नवं घ्या" असल्या योजना घेऊन वाडीवर येऊ नका. आलात तर या वेळी बाया तुमच्याशी कुंपणापाशी बोलणार नाहीत, मडकी पुढं मांडून बोलतील. आणि "गावठी" हा शब्द त्या सुरात पुन्हा काढू नका. आमच्या पोरींसमोर तर नाहीच.

येत्या मृगाला आमच्या वाडीवर बियाण्यांची देवघेव आहे. वाल, घेवडा, डांगर, काळभात, नागली, ज्या घरात जे टिकलं ते सगळं मांडलं जाईल. तुम्हीही या, भाऊ. मनापासून बोलावते आहे. तुमच्याही घरामागं कुठंतरी जागा असेल, तुमच्याही आईनं कधी फळाला चिंधी बांधली असेल. तुम्हाला मूठभर घेवडा देऊ, कसा लावायचा तेही सांगू. नियम मात्र तुम्हालाही तोच आहे. एक मूठ न्यायची, सुगीला दोन मुठी परत आणायच्या. पैसे चालणार नाहीत.

अकोले तालुक्यातली एक परसबागवाली